हवेची रोजनिशी

मुरगाव बंदरावर परदेशातून आलेला दगडी कोळसा जहाजांतून उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकातील पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. बंदरालगतच्या वास्को शहरातील गृहिणींची तक्रार जुनी आहे : सकाळी पुसलेल्या खिडकीवरून सायंकाळी बोट फिरविले, तर ते काळे होते. २०१७ साली बंदराच्या विस्तारासंबंधी वास्कोत जाहीर सुनावण्या झाल्या, तेव्हाही कोळशाच्या धुळीचा प्रश्न ऐरणीवर होता. परंतु बोटावरचा डाग किती वाजता बसला, हे तो डाग सांगू शकत नाही. त्यासाठी हवेची रोजनिशीच ठेवावी लागते.

आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकांप्रमाणे, दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमवर, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ६० मायक्रोग्रॅमवर जाऊ नये. मोजणीची विश्वासाची रीत म्हणजे गाळणकागदातून हवा ओढायची आणि त्या कागदाचे आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहायचे. वार्षिक सरासरीसाठी अशी मापे आठवड्यातून दोनदा, वर्षात किमान १०४ वेळा घ्यावीत, असा दंडक आहे. मग उरलेल्या २६१ दिवसांचे काय, असे कोणीही चाणाक्ष विद्यार्थी विचारील!

ही उणीव काही अंशी भरून काढणारे, मुठीत मावणारे एक यंत्र आता मिळते. पीएमएस ५००३ हे त्याचे एक नमुनेदार उदाहरण. आतील लहानसा पंखा हवा ओढतो, लेसरचा किरण तीवर पडतो, आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून यंत्र त्यांचा अंदाज बांधते. हा अंदाज ते साधारण सेकंदागणिक तारेवरून संगणकाकडे धाडते.

धाडण्याची तऱ्हा मोठी मौजेची आहे. अरुंद साकवावरून माणसे एकामागून एक जातात, तसे एकाच तारेवरून विजेचे संकेत ओळीने जातात. म्हणून या जोडणीस सिरियल जोडणी म्हणतात. एका निरोपात ३२ बाइट असतात. प्रत्येक बाइटचे आठ संकेत, अधिक आरंभाचा एक व शेवटचा एक, असे एकूण ३२० संकेत झाले. वेग सेकंदाला ९६०० संकेतांचा. म्हणजे सारा निरोप सेकंदाच्या तिसाव्या भागात पोचतो! दोन्हीकडे वेग एकच ठरलेला नसेल, तर संगणकाला अर्थहीन गोंधळ ऐकू येतो.

निरोप ६६ व ७७ या अंकांनी सुरू होतो, आणि शेवटी आधीच्या तीस बाइटांची बेरीज येते. ती जुळली नाही, तर तो निरोप टाकून द्यावा. प्रत्येक माप दोन बाइटांत असते : पहिल्यास २५६ ने गुणून दुसरा मिळवावा. पहिला १ व दुसरा ४ असेल, तर माप २६०.

या यंत्रात घड्याळ मात्र नाही. तारीख आणि वेळ संगणकानेच प्रत्येक ओळीत लिहावयाची असते, आणि माझ्या मते रोजनिशीचे खरे मोल त्या वेळेतच आहे. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे, रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे, जहाजातून माल उतरविण्याचे तास, हे सारे त्या आकड्यांशेजारी मांडता येते. एरवी यंत्राला कोळसा, लाल माती आणि चुलीचा धूर यांतील भेद कळत नाही. जाड कणांच्या बाबतीत ते कच्चे आहे, आणि पावसाळ्यात दमट हवेने फुगलेले कण त्याला फसवितात; यासाठी आर्द्रताही नोंदवावी. वीज गेली, तर तेवढी जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये.