घरपट्टीचा लढा : एकट्याचा नव्हे, वाडीचा

स्वारगेटहून वेल्ह्याला जाणारी एस. टी. नसरापूर सोडून आत वळली की पुढे मार्गासनी आणि विंझर लागते. मार्गासनीवरून एक रस्ता साखर-गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जातो. या वेल्हे तालुक्याचे नावही आता राजगड झाले आहे. पावसाळ्यात भाताची खाचरे, बाकीचे आठ महिने मजुरी किंवा पुण्याच्या बाजूला कामधंदा, अशी इथल्या गरीब घरांची रीत. गड पाहायला येणाऱ्यांना डोंगर दिसतो, धरण दिसते. बौद्धवाडीतल्या माणसाला मात्र वर्षातून एकदा हमखास दिसते ते घरपट्टीचे बिल!

“औंदा पट्टी एवढी कशी वाढली?” हा प्रश्न मार्गासनीपासून थेट मराठवाड्यापर्यंत कोणत्याही वाडीत ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. पण तो चहाच्या टपरीवर विचारून उपयोग काय? तो कुठे विचारायचा, कसा विचारायचा आणि विचारताना कोणती चूक करायची नाही, हे आज आम्ही आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

आधी आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. आमची एक वहिनी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीवर निवडून आली. वाडीत पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी घरपट्टी वाढून आली. बिल सासऱ्यांच्या नावावर होते. सासरे स्वाभिमानी. “अन्यायाची पट्टी मी भरणार नाही,” असे म्हणून त्यांनी बिल खुंटीला अडकवले. अर्ज नाही, हरकत नाही, नुसता बाणेदारपणा. तीन महिने उलटले आणि विरोधी गटाने जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. वहिनीचे सदस्यपद गेले. “भावजी, वाढीव पट्टी शे-दीडशे रुपयांची होती, आणि वाडीची खुर्ची गेली,” असे ती आजही म्हणते.

हे कसे घडले? मुंबई ग्रामपंचायत अधिनियम 1958, आताचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, याच्या कलम 14 मध्ये तशी तरतूद आहे. रीतसर बिल हाती पडल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही, तर ती व्यक्ती सदस्य राहण्यास अपात्र ठरते. एवढेच नव्हे, तर एकत्र कुटुंबातील एकाची थकबाकी इतरांनाही भोवते. पिढ्यान्‌पिढ्या चावडीच्या पायरीखाली उभे राहिलेल्या समाजाला ही खुर्ची किती मोलाची, हे आम्ही सांगायला नको. ती रागाच्या भरात घालवायची नसते.

मग अन्याय सोसायचा काय? मुळीच नाही! कराविरुद्ध उभे राहण्याची परंपरा आपल्याच समाजाची आहे. आजच्या तरुण पिढीला ती माहीत नाही, म्हणून थोडा इतिहास.

महारकीच्या वतनी जमिनीच्या तुकड्यासाठी आपल्या वाडवडिलांकडून सारे कुटुंब राबवून घेतले जाई. सरकारी निरोप, टपाल, दवंडी, मेलेले ढोर ओढणे, रात्री-अपरात्री हाकारा. 1874 च्या वतन कायद्याने ही गुलामी पक्की केली होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात तो कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले, पण त्याला यश आले नाही. पुढे सरकारने या वतनी जमिनींवरच जादा आकारणी बसवली. राबवून घ्यायचे आणि वर करही वाढवायचा! डिसेंबर 1939 मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. ऑगस्ट 1941 मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नरला पुन्हा परिषद झाली आणि तेथे करबंदीची हाक दिली गेली. बाबासाहेबांनी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्याकडेही हे गाऱ्हाणे नेले. अखेर सरकारला ती आकारणी मागे घ्यावी लागली.

राजगड-तोरण्याचा मुलूख तेव्हा भोर संस्थानात होता. संस्थान 1948 साली विलीन झाले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनेच रद्द झाली. पण सिन्नरचा धडा वतनांबरोबर संपलेला नाही. बाबासाहेबांनी आधी कायदा अभ्यासला, विधेयक मांडले, परिषदा भरवल्या, मग करबंदी पुकारली आणि सरकारशी बोलणीही केली. अभ्यास आधी, संघटन मग, संघर्ष त्यानंतर. आमच्या वहिनीच्या सासऱ्यांकडे संघर्ष होता, पण पहिल्या दोन पायऱ्या नव्हत्या.

परदेशातही असेच घडले. इंग्लंडमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने घरावरचा कर काढून माणशी कर बसवला. 1989 मध्ये स्कॉटलंडला आणि 1990 मध्ये इंग्लंड-वेल्सला तो लागू झाला. बंगलेवाल्याला जेवढा, जवळपास तेवढाच खोलीत राहणाऱ्या कामगाराला! गल्लोगल्ली कामगार कुटुंबांच्या समित्या झाल्या. नोटीस आली की शेजारी गोळा होत, कोर्टात सोबत जात. लाखो लोकांनी कर भरला नाही. नोव्हेंबर 1990 मध्ये थॅचरबाई पायउतार झाल्या आणि 1993 पासून तो कर गेला. तिथेही जोर होता तो शेजाऱ्याच्या सोबतीचा.

आता आपल्या घरपट्टीकडे वळू. ती ठरते कशी? पूर्वी ती घराच्या क्षेत्रफळावर बसे. 2015 च्या सुधारित नियमांनी ती भांडवली मूल्यावर आली. म्हणजे जागेचा सरकारी दर, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर यांवरून घराचे मूल्य काढायचे आणि त्यावर कर लावायचा. इथेच मेख आहे. गडाच्या पायथ्याला पुण्यामुंबईचे लोक जमिनी घेतात, फार्म हाऊस बांधतात, जमिनीचे भाव चढतात. सरकारी दर चढला की त्याची झळ शेजारच्या मातीच्या घरालाही लागते. ज्याला घर विकायचेच नाही, त्याला वाढलेल्या भावाचा काय उपयोग?

दुसरी मेख नोंदीत असते. मातीच्या भिंतीचे घर ‘पक्के’ म्हणून लिहिले गेले, पडवी खोलीत धरली गेली, जुन्या घराचा घसारा वजा केला नाही, घरातल्या शिलाई मशीनला ‘दुकान’ म्हटले गेले, तर बिल फुगते. म्हणून वाडीने एकत्र बसून पुढील कामे करावीत.

पहिले काम मोजणीचे. आपल्या घराचा नमुना नंबर 8 चा उतारा काढा. ही कर आकारणीची नोंद. शाळा शिकलेल्या पोरांनी टेप घेऊन प्रत्येक घर मोजावे आणि उताऱ्याशी ताडून पाहावे. उतारा मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार कायदा 2005 आहे. दहा रुपयांचा अर्ज, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही माफ. नोंद पती-पत्नी दोघांच्या नावावर आहे का, हेही त्याच वेळी माता-भगिनींनी पाहून घ्यावे.

दुसरे काम हरकतीचे. आकारणी यादी लागली की मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. दहा घरांची चूक असेल, तर दहा अर्ज एकाच दिवशी, एकत्र जाऊन द्या. ग्रामपंचायतीने ऐकले नाही, तर कलम 124 प्रमाणे पंचायत समितीकडे अपील होते. त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे दाद मागता येते.

तिसरे काम ग्रामसभेचे. कराचा दर नियमातल्या किमान आणि कमाल मर्यादेत ठेवायचा असतो. कमाल दर लावलाच पाहिजे असे नाही. मग तो का लावला, हे ग्रामसभेत उठून विचारा. बायाबापड्यांनी मागे न बसता पुढे बसावे. शिवाय, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. ती कुठे खर्च झाली? नळ आला का, गटार झाले का, दिवा लागला का? पट्टी मागणाऱ्याला हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे. दाद लागेपर्यंत थकबाकीदार होऊ नका. ‘हरकत राखून भरत आहे’ असे लेखी देऊन मुदतीत रक्कम भरा आणि पावती घ्या. एखाद्या विधवा बाईला किंवा मजुरी बुडालेल्या घराला जमत नसेल, तर जयंतीच्या वर्गणीसारखी वाडीने वर्गणी काढावी. पावत्या एका डब्यात जपा. निवडणुकीचा अर्ज भरताना त्याच उपयोगी पडतात.

कर भरून गाव चालते, हे आम्ही मानतो. शाळेचा रस्ता आणि पाण्याची टाकी त्यातूनच होते. आमचे भांडण कराशी नाही, खोट्या नोंदीशी आणि न मिळणाऱ्या हिशेबाशी आहे. ते भांडण एकट्याने केले तर घर उघडे पडते. वाडीने केले तर पंचायतीला उत्तर द्यावे लागते.

आमची वहिनी पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभी राहणार आहे. तिच्या घरातला पावत्यांचा डबा आता सासरेच सांभाळतात. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की आपणही पाच मिनिटे थांबा, आणि आपापली बिले बाहेर काढा!

जय भीम!