संगणकाला नवा राखणदार बसवल्यावर ब्राउझर का अडतो?



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी वाचत असता. या वेळी मात्र संगणकाविषयी लिहावे लागत आहे, आणि त्याला कारण आपणच आहात. लागण नोंदीच्या दिवसांत बरेच सभासद आता सातबारा आणि आठ-अ घरच्या संगणकावरून, महाभूमीच्या संकेतस्थळावर पैसे भरून काढतात. ऊस बिल जमा झाले की नाही तेही बँकेच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहतात. चांगलेच आहे, तालुक्याची एक खेप वाचते. पण गेल्या हंगामापासून गट कार्यालयात एक तक्रार वारंवार येते. "साहेब, पोरानं नवीन अँटिव्हायरस टाकला आणि त्या दिवसापासून काही उघडंना. कुठंबी जावा, लाल पाटी!" पुढचे वाक्यही ठरलेले असते. "मग काय, काढूनच टाकला त्याला."

राखणीचे कुत्रे पाहुण्यांवर भुंकले म्हणून त्याला वेशीबाहेर सोडून यावे, तसे हे झाले. वर्षाच्या ऊस बिलाची रक्कम ज्या खात्यात येते ते खाते ज्या संगणकावरून उघडायचे, तो उघडा ठेवून चालणार नाही. काहीजण याच्या उलट करतात. लाल पाटी आली की खालच्या बारीक अक्षरांवर दाबून "तरीही पुढे जा" म्हणतात. हे तर त्याहून वाईट. अडचण कुठे आहे हे शोधले तर दोन्हीची गरज पडत नाही.

आधी ही पाटी का येते ते समजून घेऊ. ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स किंवा एज, ज्यातून आपण संकेतस्थळे पाहतो ती खिडकी. बँकेकडून या खिडकीत जे येते ते जणू बंद लिफाफ्यात येते. लिफाफ्यावर बँकेचा शिक्का असतो आणि तो शिक्का खरा असल्याची ग्वाही एका मान्यताप्राप्त संस्थेने दिलेली असते. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस ही अक्षरे असतात ती याचीच खूण. ब्राउझरजवळ अशा मान्य संस्थांची यादी असते. शिक्का त्या यादीत बसला तरच तो लिफाफा उघडतो, नाहीतर लाल पाटी लावून थांबतो.

आता नवा राखणदार काय करतो? विषाणू बंद लिफाफ्यातूनही येऊ शकतो. म्हणून बरेच अँटिव्हायरस वाटेतच लिफाफा फोडतात, आत पाहतात, पुन्हा बंद करतात आणि वर स्वतःचा शिक्का मारतात. हा शिक्का ब्राउझरला ओळखीचा वाटावा म्हणून ते बसतानाच आपले नाव विंडोजच्या मान्य यादीत घालून ठेवतात. ही नोंद नीट झाली नाही, किंवा जुना राखणदार काढताना अर्धवट पुसली गेली, की ब्राउझरला सगळेच शिक्के परके वाटू लागतात. फायरफॉक्सचे तर आणखी वेगळे. तो विंडोजच्या यादीखेरीज स्वतःची वेगळी यादी बाळगतो. त्यामुळे क्रोममध्ये सगळे सुरळीत आणि फायरफॉक्समध्ये सगळे बंद, असा प्रकार घडतो आणि माणूस चक्रावतो.

ही काही आपल्याच गावची गोष्ट नव्हे. जानेवारी २०१९ च्या अखेरीस फायरफॉक्सची ६५ वी आवृत्ती आली, तेव्हा अव्हास्ट आणि एव्हीजी हे अँटिव्हायरस असलेल्या अनेक संगणकांवर साधी संकेतस्थळेही "असुरक्षित" म्हणून अडली. मोझिला या संस्थेला विंडोजवरील आपोआप होणारे अद्ययावतीकरण काही दिवस थांबवावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून, अशी अडचण दिसली तर फायरफॉक्स विंडोजच्या यादीत घातलेली नावे स्वतःहून तपासू लागला. पुढे ऑक्टोबरात क्रोमची ७८ वी आवृत्ती आली, तेव्हा सिमँटेकचे जुने संरक्षण असलेल्या कार्यालयांत दुसराच खेळ झाला. तिथे शिक्क्याचा प्रश्न नव्हता, पान उघडायच्या आतच कोसळत होते. दोन्ही वेळा इंटरनेट चालू होते आणि संकेतस्थळेही ठीक होती. राखणदार आणि खिडकी यांचेच आपसात जमत नव्हते.

मग शोध कसा घ्यायचा? ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी येत नसेल तर आपण सगळा संच उपटत नाही, मोटर, फिल्टर, व्हॉल्व्ह असे एकेक बघत जातो. इथेही तेच. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच पाहा.

पहिल्यांदा तेच संकेतस्थळ मोबाईलवर, घरचे वायफाय बंद करून, उघडा. तिथेही अडले तर दोष संकेतस्थळाचा, आपल्या संगणकाला हात लावू नका. सातबाऱ्याच्या गर्दीच्या दिवसांत असे होते. मोबाईलवर उघडले, तर संगणकावरच दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा. एकाच ब्राउझरमध्ये अडते की सगळ्यांत, एवढे कळले की निम्मे काम झाले.

नंतर खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. हसू नका. प्रत्येक शिक्क्याला मुदत असते. संगणकाच्या आतला नाण्याएवढा सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि चांगले शिक्केही मुदतीबाहेरचे ठरतात. अशा वेळी नव्या अँटिव्हायरसला उगाच बोल लागतो.

तारीख बरोबर असेल तर घरात दोन राखणदार तर नाहीत ना, ते पाहा. संगणक घेताना त्यात एक महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतीचा अँटिव्हायरस आलेला असतो, आणि त्याच्यावर पोरगं दुसरा टाकतं. दोघेही तोच लिफाफा फोडायला धावतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर शहाणा आहे, दुसरा आला की तो बाजूला होतो. बाहेरचे दोन मात्र एकत्र नांदत नाहीत. जुना रीतसर काढा. बहुतेक कंपन्या त्यासाठी स्वतःचे काढणी-साधन देतात, ते वापरा आणि संगणक एकदा बंद करून चालू करा.

एवढ्याने भागले नाही तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून बघा. तिच्यात जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, सहसा चालत नाहीत. तिथे पान उघडले तर अँटिव्हायरसने ब्राउझरला चिकटवलेली एखादी जोडणी गुन्हेगार. ती एकटी बंद करा.

सगळीकडेच लाल पाटी असेल, तर अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग किंवा वेब संरक्षण अशा नावाचा भाग शोधा. तेवढाच भाग क्षणभर बंद करा आणि बँक नव्हे, दुसरे एखादे साधे, ओळखीचे संकेतस्थळ उघडा. उघडले तर दुखणे सापडले. तो अँटिव्हायरस आणि ब्राउझर दोन्ही अद्ययावत करा, तरी न जमल्यास तो अँटिव्हायरस नीट काढून पुन्हा बसवा, आणि बंद केलेला भाग परत चालू करायला विसरू नका. काढल्यावर कुठलेच पान उघडत नसेल, तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू राहिला आहे का ते बघा. राखणदार गेला तरी त्याच्या चौकीकडे वळवलेला रस्ता कधी कधी तसाच राहतो.

लाल पाटीचा एक फरक मात्र ध्यानात ठेवा. अँटिव्हायरस टाकल्यापासून सगळ्याच संकेतस्थळांवर ती येऊ लागली, तर बहुधा वर सांगितलेलेच कारण. पण बाकी सगळे उघडते आणि एकट्या बँकेच्या किंवा पैसे भरायच्या पानावर पाटी येते, तर थांबाच. तिथे शिक्का खरोखर खोटा असू शकतो. पत्ता अक्षर-अक्षर तपासा आणि बँकेच्या शाखेला पासबुकावरच्या क्रमांकावर विचारा.

आणि एक पाटी अशी असते की तिच्यावर फोन नंबरच लिहिलेला असतो. "तुमचा संगणक विषाणूने भरला, ताबडतोब या क्रमांकावर बोला." मोठा आवाज होतो, पडदा अडकतो, माणूस घाबरतो. ही पाटी अँटिव्हायरसची नव्हे, चोराची. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. आमच्याच एका गटात एका सभासदाने असा नंबर लावला. पलीकडच्या गोड बोलणाऱ्याने दुरून संगणक हाताळायचे साधन बसवून घेतले आणि बँकेचे पान उघडायला सांगितले. सुनेने मागून येऊन वायर ओढली म्हणून खोडव्याचे बिल वाचले. अशा वेळी इंटरनेट तोडा, संगणक बंद करा. पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, आणि मग आमच्याकडे या. तक्रार जितकी लवकर नोंदेल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची आशा जास्त.

गट कार्यालयात विचारायला येताना पाटीवरचे शब्द जसेच्या तसे लिहून, किंवा मोबाईलवर फोटो काढून आणा. "काहीतरी इंग्रजीत आलंय" एवढ्यावरून आम्हाला सांगता येत नाही. अँटिव्हायरसचे नाव, तो कोणत्या दिवशी टाकला आणि कोणत्या ब्राउझरमध्ये अडते, एवढे त्याखाली लिहा. पासवर्ड मात्र आणू नका, आम्ही विचारला तरी सांगू नका. आणि लागण नोंद संगणकापायी अडवून ठेवू नका. तलाठी कार्यालयातला उतारा चालतो.