अधिक-उणे आठ

टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलच्या उजव्या कडेला एक सरकपट्टी आहे. मधोमध शून्य, आपल्याकडच्या टोकाला अधिक आठ, पलीकडच्या टोकाला उणे आठ. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि ही पट्टी तो वेग आठ टक्क्यांपर्यंत वाढवते किंवा घटवते. तिला दुसरं काम नाही. तरीही जगभरच्या क्लबांमधलं रात्रभर न तुटणारं संगीत कित्येक वर्षं या पट्टीवर चाललं. आजही कुणी तबकड्या मिसळायला शिकू लागलं की त्याची पहिली झुंज हिच्याशीच होते.

समजा, एक गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आहे आणि पुढचं १२६चं. नाचणाऱ्यांचे पाय न अडखळता एकातून दुसऱ्यात जायचं, तर दोन्ही काही वेळ एकत्र वाजली पाहिजेत आणि ठोक्यावर ठोका पडला पाहिजे. त्यासाठी दुसऱ्याला जवळपास पावणेपाच टक्के मागे ओढावं लागतं. तबकडीवर वेग आणि सूर बांधलेलेच असतात, त्यामुळे ती हळू फिरली की सूरही उतरतो. सहा टक्क्यांच्या फरकात सूर साधारण अर्ध्या स्वराने सरकतो. या मर्यादेतच सगळा खेळ आहे आणि ती मर्यादा मला फार आवडते. कुठलंही गाणं कुठल्याही गाण्याला जोडता येत नाही. कोणती दोन एकमेकांजवळ येऊ शकतात हे आधी ओळखावं लागतं, आणि त्यासाठी आपल्या तबकड्या आतून-बाहेरून माहीत असाव्या लागतात.

हे यंत्र डीजेंसाठी जन्मलं नव्हतं. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली एसएल-१२०० बाजारात आणलं, ते घरी बसून नीट ऐकणाऱ्या शौकिनांसाठी. त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलांमध्ये मोटर एका बाजूला असे आणि रबरी पट्टा ताट फिरवी. असं ताट हाताने धरलं की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर वेग घ्यायला वेळ लागतो. मात्सुशिताचे अभियंते शुइची ओबाता यांच्या चमूने पट्टाच काढून टाकला आणि ताट थेट मोटरवर बसवलं. लोहचुंबक ताटाच्या पोटाशीच असल्यामुळे ताट हाच मोटरचा फिरणारा भाग झाला. १९७९च्या एमके२मध्ये क्वार्ट्झ स्फटिकाने वेग बांधून ठेवला, जुन्या गोल खुंटीच्या जागी लांब सरकपट्टी आली, आणि ताट थांबल्या जागेवरून ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेऊ लागलं. ताटाच्या कडेवर ठिपक्यांच्या चार ओळी आहेत आणि शेजारी लुकलुकणारा तांबडा दिवा. मोठे ठिपके स्थिर दिसले की वेग बरोबर ३३⅓. साडेबारा किलोच्या या यंत्राला क्लबातले दणके, सांडलेलं पेय, वर्षानुवर्षांची धूळ, काहीच फारसं लागलं नाही. २०१०मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं आणि २०१६मध्ये ते पुन्हा सुरू केलं.

विद्या मात्र यंत्राच्या आधीची. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत ‘सँक्चुअरी’ नावाचा क्लब होता. १९७०च्या आसपास तिथे फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठोके जुळवून वाजवू लागला. खाली ताट फिरत असताना वरची तबकडी बोटांनी धरून ठेवायची आणि नेमक्या क्षणी सोडायची, ही त्याची पद्धत आज पहिल्या धड्यात शिकवली जाते. त्या गाण्यांवर हाडामांसाचे ड्रमर वाजवत होते आणि त्यांची लय गाण्यागणिकच काय, कडव्यागणिक चढत-उतरत असे. तशा रेकॉर्डी जुळत्या ठेवायच्या म्हणजे कान क्षणभरही ढिला सोडून चालत नव्हतं. पुढे ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशने एकाच गाण्याच्या दोन प्रती घेतल्या, तबकडीवर क्रेयॉनने खूण केली आणि घड्याळाच्या काट्यासारखी ती खूण वाचत त्याच चार मात्रा पुन्हापुन्हा वाजवल्या. १९७६मध्ये सालसोल कंपनीने ‘टेन पर्सेंट’ हे गाणं बारा इंची तबकडीवर विकायला काढलं. वॉल्टर गिबन्सने ते डीजेंच्या सोयीने लांबवलं होतं. बारा इंचांवर एकच गाणं असलं की खाचा ऐसपैस पडतात, आवाज भरदार येतो, आणि नुसत्या तालवाद्यांना जागा मिळते. मिसळायला तीच जागा लागते.

शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? माझ्या मते एकाच तबकडीच्या दोन प्रतींपासून. दोन्ही पट्ट्या शून्यावर ठेवल्या की वेगाचा प्रश्नच मिटतो आणि फक्त सोडण्याचा क्षण उरतो. पहिली तबकडी स्पीकरवर वाजते आहे. दुसरीचा पहिला किक ड्रम हेडफोनच्या एका कानात शोधायचा. स्लिपमॅट नावाचं फेल्टचं गोल कापड ताट आणि तबकडीमध्ये असतं, त्यामुळे बोटांखाली तबकडी थांबते आणि ताट फिरत राहतं. ठोका सुईखाली पुढे-मागे हलवत हाताला त्याची जागा पटवायची आणि स्पीकरवरची सम येताच सोडून द्यायचं. नुसतं बोट उचललं तर तबकडी किंचित मागे पडते, म्हणून सोडताना तिला हलकासा धक्काही द्यावा लागतो. हा धक्का किती, ते सांगून समजत नाही.

मग खरं काम. मदतीला कुणी असेल तर त्याला दुसऱ्या टर्नटेबलची पट्टी हलवायला सांगावं आणि आकडे कागदाने झाकून टाकावेत. आता एका कानात खोलीतलं गाणं आणि दुसऱ्यात नवं. ठोके जुळले नसले की एकच ‘टक’ फुटून ‘ट-टक’ ऐकू येतो. त्यातला आधीचा ‘ट’ कुणाचा, हे ओळखणं हा या विद्येचा गाभा आहे. नव्या माणसाला दोन्ही आवाज एकाच ढिगात ऐकू येतात. किकपेक्षा हाय-हॅट किंवा स्नेअर ऐकावा, कारण त्यांचा आवाज टोकदार असतो आणि फट लवकर कळते. तरीही कान दोन लयींमध्ये विभागायला वेळ घेतो, आणि तो वेळ त्याला द्यावा.

नवं गाणं पुढे आहे हे कळल्यावर आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो आणि शिकवताना तो बऱ्याचदा सुटतो. पुढे असणं वेगळं, वेगात असणं वेगळं. कदाचित तुम्ही तबकडी आधी सोडली असेल आणि वेग अगदी बरोबर असेल. म्हणून आधी जागा दुरुस्त करायची. पुढे असेल तर ताटाच्या कडेला बोट हलकं टेकवायचं, मागे असेल तर लेबलवर बोट ठेवून तबकडी जराशी ढकलायची. मग काही मात्रा थांबून ऐकायचं. पुन्हा पुढे गेली तर वेगच जास्त आहे, तेव्हा पट्टी हलवायची. एकाच वेळी जागा आणि वेग दोन्ही बदलले की काय बिघडलं आणि काय सुधारलं, काहीच कळत नाही.

मिनिटाला १२५ ठोके असतील तर एक मात्रा ४८० मिलिसेकंदांची. वेगात फक्त ०.१ टक्का फरक राहिला तरी ६४ मात्रांनंतर, म्हणजे अर्ध्या मिनिटात, दोन गाण्यांमध्ये ३१ मिलिसेकंदांची फट पडते आणि ठोका जाड ऐकू येऊ लागतो. फरक अर्ध्या टक्क्याचा असेल तर तेवढ्याच वेळात १५४ मिलिसेकंद, जवळपास तिसरा हिस्सा मात्रा. मग सगळ्या खोलीला कळतं. सरकपट्टीवर ०.१ टक्का म्हणजे नखाचा स्पर्श. म्हणून ठोके एकदा जुळवले आणि मोकळे झालो असं कधीच होत नाही. दोन तबकड्या सतत एकमेकींपासून सुटत असतात आणि हात त्यांना सतत परत आणत असतो. दिंडीतला टाळकरी शेजाऱ्याचा टाळ ऐकून चालता चालता स्वतःचा ठोका सावरतो, तसंच हे. चांगल्या डीजेच्या मिश्रणात चुकाच होत नाहीत असा समज आहे. होतात, फक्त त्या ऐकू येण्याआधी तो त्या मिटवतो.

ठोके जमले तरी गाणी जमतीलच असं नाही. नाचाचं संगीत बहुधा चार मात्रांच्या आवर्तनांचं आणि आठ-सोळा आवर्तनांच्या खंडांचं असतं. एकाचा खंड संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू झाला पाहिजे. मधल्याच मात्रेवर नवं गाणं घुसलं तर ठोक्यावर ठोका असूनही ऐकणाऱ्याला समेची जागा सापडत नाही. आपल्याकडच्या कानांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. मग खर्जाचा भाग. दोन बेस एकत्र वाजले की सगळं गढूळ होतं. म्हणून मिक्सरवर एकाचा खर्ज उतरवत दुसऱ्याचा चढवायचा, आणि तोही खंडाच्या तोंडावर.

गोव्यात या विद्येला वेगळं वळण लागलं. हणजुणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत तबकड्या नेणं अवघड, कारण उन्हाने त्या वाकतात आणि खाचांत वाळू जाते. तिथले डीजे कॅसेटवर आणि नंतर डॅट टेपवर वाजवू लागले. त्या डॅट यंत्रांवर वेग बदलायची सोय नसे, त्यामुळे ठोके जुळवणं बाजूला राहिलं. गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्यांविना लांब सुरावट ठेवायची आणि तिथेच सांधा करायचा, अशी रीत पडली. गोवा ट्रान्समधल्या त्या तरंगत्या सुरुवातींमागे हेही एक कारण आहे.

मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलंडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३वर रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. यंत्राचा ठोका असल्यामुळे तिची लय ढळत नाही आणि शिकणाऱ्याला ती हाताळायला सोपी जाते. पण राग आले की सूर आले. पट्टी अधिक सहाकडे नेली की षड्ज अर्ध्या स्वराने चढतो आणि खालच्या गाण्याच्या षड्जाशी भांडू लागतो. लय जुळलेली असते आणि सूर मात्र टोचतो. दुसरं गाणं निवडतानाच हे ऐकलेलं असावं लागतं.

आताच्या डिजिटल यंत्रांवर ‘सिंक’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप सारखा होतो, आणि ते वापरणाऱ्या उत्तम डीजेंना मी कमी मानत नाही. कोणतं गाणं, केव्हा, किती वेळ, हे बटण ठरवत नाही. पण नवशिक्याने निदान सुरुवातीला त्यापासून दूर राहावं. पडद्यावर लाटांचं चित्र आणि आकडे दिसू लागले की डोळे कानाचं काम हिसकावून घेतात.

यंत्राच्या ठोक्याच्या तबकड्या हाताला वळल्या की १९७०च्या दशकातलं, माणसाने वाजवलेलं डिस्को काढावं आणि शेजारी एखादी स्थिर लयीची तबकडी ठेवावी. तिथे पट्टीची बरोबर जागा अशी नसतेच. ड्रमर वळणावर उत्साहात पुढे जातो आणि गायिका आली की आवरतो. सांधा पूर्ण होईपर्यंत एक बोट लेबलजवळ आणि दुसरा हात सरकपट्टीवर ठेवूनच वाजवावं लागतं. त्या ड्रमरच्या सवयी पाठ झाल्या की तो कुठे पळणार आहे हे दोन मात्रा आधी कळू लागतं.