व्याख्यानाचा तोंडी गोषवारा

'रिटेल लेक्चर' हा पीटीई अकॅडेमिक या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेतील बोलण्याचा एक प्रश्नप्रकार. व्याख्यानाचा जास्तीत जास्त दीड मिनिटाचा तुकडा एकदाच ऐकवला जातो. मग तयारीला 10 आणि बोलायला 40 सेकंद मिळतात. गुण आशय, उच्चार आणि ओघ (न अडखळता सहज गतीने बोलणे) यांना असतात.

ऐकलेले प्रत्येक वाक्य परत म्हणायचे, असा समज सर्रास आढळतो. शाळेपासून पाठांतराची सवय असल्यामुळे तो स्वाभाविकही आहे. पण 90 सेकंदांचा मजकूर 40 सेकंदांत मावत नाही. नागपुरात खापरीहून लोकमान्यनगरला मेट्रोने निघालेल्या पाहुण्याला कोणी सगळी स्थानके मोजून दाखवत नाही. सीताबर्डीला गाडी बदला, एवढे सांगितले की तो नीट पोहोचतो. गोषवाऱ्यातही विषय, मुख्य मुद्दा आणि विचार जिथे वळला ती जागा, एवढे सुटता कामा नये. कारण आणि परिणाम जोडणारे शब्द इथे फार मोलाचे. नुसत्या सुट्या संज्ञांची माळ म्हणजे गोषवारा नव्हे.

नोंदी तपासल्या जात नाहीत, त्यामुळे त्या मराठीत, खुणांनी, कशाही घेता येतात. सराव करताना स्वतःचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकणे सर्वांत उपयोगी. घाईने बोलणे म्हणजे ओघ नव्हे. मात्र तीन सेकंदांहून अधिक गप्प राहिल्यास परीक्षेतील ध्वनिमुद्रण थांबते.