हिऱ्यांचा देश, पावसाचे चलन

राष्ट्रध्वज, राजचिन्ह आणि चलन यांची नोंद सामान्यतः शालेय पुस्तकातील कोष्टकात होते आणि परीक्षेनंतर ती विस्मृतीत जाते. परंतु एखादे राष्ट्र स्वतःची उणीव आणि स्वतःची आकांक्षा कशात पाहते, हे या चिन्हांतून पुष्कळदा त्याच्या अर्थसंकल्पापेक्षाही स्पष्टपणे वाचता येते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील बोट्स्वाना हे याचे बोलके उदाहरण होय.

सुमारे ५ लाख ८२ हजार चौरस किलोमीटरचा हा भूवेष्टित प्रदेश. त्याचा बहुतांश भाग कालाहारीच्या शुष्क भूमीने व्यापलेला असून लोकसंख्या अवघी साडेतेवीस लाखांच्या आसपास आहे. बेचुआनालँड या नावाने ब्रिटिश संरक्षणाखाली असताना त्याचा कारभार देशाच्या सीमेबाहेरील माफेकिंग या गावातून चाले. स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा गॅबोरोन ही राजधानी नव्याने वसवावी लागली. ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला, तो ऐन दुष्काळात. आणि जगातील सर्वाधिक दरिद्री राष्ट्रांत त्याची गणना होत होती.

या देशाने स्वीकारलेला ध्वज फिकट निळा आहे. मध्यभागी काळा पट्टा असून त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पट्ट्या आहेत. निळा रंग पाण्याचा, तर काळा-पांढरा संगम वंशावंशांतील सलोख्याचा. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद हेच राज्याचे धोरण असताना हा सलोखा ध्वजावर मिरवणे ही साधी गोष्ट नव्हती. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी १९४८ मध्ये रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी विवाह केला, म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना काही वर्षे मायदेशापासून दूर ठेवले होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

राजचिन्हातील ढालीवर तीन दंतचक्रे, पाण्याच्या तीन लाटा आणि बैलाचे मस्तक आहे. ढालीला दोन झेब्रे आधार देतात. एकाजवळ हस्तिदंत, तर दुसऱ्याजवळ ज्वारीचे कणीस. खाली ब्रीद एकाच शब्दाचे : ‘पुला’. त्स्वाना भाषेत त्याचा अर्थ पाऊस, आणि आशीर्वादही. सभेत जयघोष होतो तोही याच शब्दाचा.

या चिन्हांत हिरा कोठेही नाही. असणे शक्यही नव्हते; कारण ओरापा येथील हिऱ्यांचा साठा सापडला तो १९६७ मध्ये, आणि खाण सुरू झाली १९७१ मध्ये. मात्र १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे रँड सोडून स्वतःचे चलन काढताना हिरे हाती आलेले होते. तरीही चलनाला नाव देण्यात आले ‘पुला’, आणि त्याच्या शंभराव्या भागाला ‘थेबे’, म्हणजे ढाल. संपत्ती पावसासारखी असते, ती येते तशीच थांबतेही, आणि म्हणून तिला ढालीची जोड हवी, असा अर्थ या दोन नावांतून सहज काढता येतो.

प्रत्यक्ष धोरणातही हे शहाणपण बऱ्याच अंशी उतरले. खनिजांवरील हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे आले. ओरापा खामांच्याच बामांग्वाटो जमातीच्या प्रदेशात असल्याने या निर्णयाला नैतिक बळ होते. डी बीअर्स कंपनीशी भागीदारी करून डेबस्वाना ही कंपनी उभी राहिली. मिळकतीतून रस्ते, शाळा, रुग्णालये झाली. १९९४ मध्ये भावी पिढ्यांसाठी ‘पुला निधी’ स्थापन झाला. खनिजांच्या लोभाने यादवीत होरपळलेल्या अनेक देशांच्या तुलनेत हे यश असामान्य होय.

परंतु ढालीवरील दंतचक्रे, म्हणजे उद्योगधंदे, अद्याप पुरेशी फिरू लागलेली नाहीत. निर्यातीचा फार मोठा हिस्सा आजही एकट्या हिऱ्यांचा आहे. प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यांनी आणि मंदावलेल्या मागणीने २०२४ मध्ये अर्थव्यवस्था आकुंचन पावली. ज्या सुरतेत खाणीतील हिऱ्यांना पैलू पाडले जातात, तेथेच कृत्रिम हिऱ्यांचाही व्यवसाय फोफावला आहे. बेकारी आणि विषमता तर तेथे पूर्वीपासूनच तीव्र आहे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला, डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले, आणि सत्तांतर शांततेने पार पडले.

लोकशाहीची ही कसोटी देश उतरला. आता कसोटी अर्थकारणाची आहे. सुकाळात साठविलेला निधी अवर्षणात उपयोगी पडतो, पण तोही पुन्हा भरावा लागतो. नव्या राज्यकर्त्यांनी तो दैनंदिन खर्चात संपविला, तर नाण्यावरील पाऊस नाण्यावरच राहील. शेती, शिक्षण आणि उद्योग यांत गुंतविला, तर साठ वर्षांपूर्वी एका दरिद्री राष्ट्राने ढालीवर रेखाटलेली चक्रे खऱ्या अर्थाने फिरू लागतील.