रविवारी ड्यूटी, गुरुवारी सुट्टी

भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कित्येक वर्कशॉपना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्यांचा विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून सुट्ट्या वाटून दिल्या गेल्या आणि पुढे तीच रीत पडली. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही. ख्रिस्ती कामगाराची मात्र पंचाईत होते. मंडळीची उपासना रविवारी सकाळी, आणि रविवारी सकाळी हा लेथवर उभा. श्रद्धा रोजच्या जगण्यात उतरली पाहिजे, असं पाळकसाहेब व्यासपीठावरून सांगतात तेव्हा ज्याने ते ऐकायला हवं तो बऱ्याचदा तिथे नसतोच.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आली, आणि 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या प्रत्येक लाटेबरोबर नगर, श्रीरामपूर, राहुरीकडची ख्रिस्ती कुटुंबं इकडे सरकली. यंत्र आणि देऊळ एकाच आवारात असणं त्यांना नवं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 पासून होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर तिथे हातमागात सुधारणा करत बसलेले असत. मिशनरीने धोट्याची गती वाढवण्यात वर्षं घालवावीत, हे मला अनेक प्रवचनांपेक्षा मोलाचं वाटतं. गावाकडे दिवस चर्चच्या घंटेने सुरू व्हायचा. इथे तो कंपनीच्या बसने सुरू होतो.

रविवारच्या या अडचणीवर तोडगा मंडळ्यांनी आपापला काढला. त्याचं नाव कॉटेज मीटिंग. महाळुंगे किंवा खराबवाडीकडच्या एखाद्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, आठवड्यातल्या मोकळ्या संध्याकाळी वीसेक माणसं बसतात. दाराबाहेर सेफ्टी शूज आणि चपलांचा ढीग, आत खंजिरी, गॅसवर चहाचं आधण. एकजण गणवेशातच आलेला असतो, गळ्यात ओळखपत्र. त्याला थर्ड शिफ्टची बस गाठायची असते, म्हणून शास्त्रवाचन आधी उरकतात आणि गाणी मागून. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता आणि करिंथात अक्विला-प्रिस्किल्ला या कारागीर जोडप्याच्या घरी राहिला होता. त्यामुळे चाळीतल्या या बैठकीला कमी प्रतीची उपासना मानायचं काही कारण नाही, तरी मोठ्या चर्चमधले काही वडीलधारे तसं मानतात.

खरी गंमत प्रार्थनेचे विषय सांगताना येते. ‘कंत्राट रिन्यू होऊ दे.’ ‘भाच्याचं बोट पॉवर प्रेसमध्ये गेलं, भरपाई मिळू दे.’ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत प्रेसखाली बोटं जाणं ही नवलाची गोष्ट नाही. अपघात झाल्यावर घाईघाईने ईएसआयचं कार्ड काढलं जातं, अशीही उदाहरणं आहेत. अशा वेळी नुसतं ‘प्रार्थनेत आठवण ठेवू’ म्हणून भागत नाही. मंडळीतलाच कोणी जुना युनियनवाला त्या पोराला घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जातो, अपघाताचा अर्ज भरून घेतो, झेरॉक्स काढतो. ती सेवा वार्षिक अहवालात कुठेच येत नाही. त्यात मंडपाचा खर्च असतो.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला या पट्ट्यात वाचला तर वेगळाच लागतो. मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला पुन्हा जातो. पाचलाही माणसं उभीच असतात, कारण त्यांना कोणी कामाला लावलेलं नसतं. दिवस मावळल्यावर सगळ्यांना एकसारखी एक दिनार मजुरी मिळते आणि पहाटेचे कुरकुर करतात. आपल्याकडचा मजूर अड्डा ज्याने सकाळी अकरा वाजता पाहिलाय, त्याला ती पाचची माणसं समजावून सांगावी लागत नाहीत. पहाटेच्यांच्या जागी इथे पर्मनंट कामगार, उशिराच्यांच्या जागी कंत्राटी. लाइन एकच, बोल्ट तेच, पगार मात्र वेगळा. ख्रिस्ती पर्मनंट कामगार रविवारी हा दाखला ऐकून सोमवारी कॅन्टीनमध्ये कंत्राटी पोराच्या टेबलावर बसतो की नाही, एवढंच मला त्याच्या श्रद्धेबद्दल विचारावंसं वाटतं.

श्रद्धा रोजच्या जगण्यात उतरल्याची थोर उदाहरणं पुणे जिल्ह्यात आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला 1898 साली मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे माग चालवायला शिकल्या, छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली निघालं, तेही याच बायकांनी जुळवून आणि छापून.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं आहे. 1991 मध्ये पुण्यात सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे एक गरोदर बाई आसरा मागायला आली. नवऱ्यापासून जिवाला धोका आहे, म्हणाली. ठेवून घ्यायला जागा नव्हती. ‘उद्या या, काहीतरी करू,’ असं सिस्टरने सांगितलं. त्या रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. ती गेली, पोटातलं मूलही गेलं. सहा वर्षांनी, 2 फेब्रुवारी 1997 रोजी, संभाजी महाराजांची समाधी असलेल्या वढू बुद्रुकमध्ये ‘माहेर’ सुरू झालं. सिस्टर ख्रिस्ती, संस्था सर्वधर्मीय. आलेल्या बाईला जात-धर्म विचारायचा नाही, सण सगळ्यांचे करायचे. 2016 साली सिस्टरना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. ‘उद्या या’ या दोन शब्दांची किंमत कळल्यावर एका बाईने काय केलं, ते तिथे विटा-मातीत उभं आहे.

प्रत्येक मंडळीने आश्रम काढावा, असं माझं म्हणणं नाही. पंचकमिटीच्या सभेत रंगकाम, माइक आणि नाताळच्या रोषणाईनंतर वेळ उरला तर तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात. एक उपासना गुरुवारी संध्याकाळी ठेवता येईल का? कंत्राटी पोरांचे कागद तपासायला कोण बसेल? आणि चर्चच्या आवारातला वॉचमन, झाडूवाली मावशी, शाळेतला शिपाई यांना आपण किमान वेतन देतो का, त्यांचा पीएफ भरतो का? तिसऱ्या विषयावर खजिनदार बहुधा म्हणतील की पुढच्या महिन्यात बघू.