इशारा, मुदत आणि विराम
(लेखांक सातवा)

एकाच यंत्रावर अनेकांचे कामकाज एकाच वेळी कसे चालते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. तेव्हा असे यंत्र थांबवावयाचे झाल्यास ते कोणत्या रीतीने थांबवावे, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीने व तिच्या वंशजांनी या कामासाठी 'शटडाउन' नावाची जी आज्ञा सिद्ध केली, तिच्यात यंत्र बंद करण्यापेक्षा माणसांना मुदत देण्याचा विचारच अधिक आहे.

व्यवस्थापक वेळ आणि निरोप नेमून देतो आणि तो निरोप दाखल असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर उमटतो. युनिक्सच्या बर्कली शाखेच्या परंपरेत ही दवंडी दहा तास आधीपासून सुरू होते आणि घटका जवळ येईल तशी अधिकाधिक वेळा पिटली जाते. अखेरची पाच मिनिटे उरली, की 'नोलॉगिन' नावाची फाइल निर्माण होऊन मुख्य अधिकाऱ्यावाचून इतर सर्वांस नव्याने प्रवेश करण्यास मज्जाव होतो. त्यानंतर चालू प्रक्रियांना प्रथम 'सिगटर्म' हा संकेत जातो, जो विनंतीवजा असल्यामुळे सुजाण प्रक्रिया आपले दप्तर आवरून निघून जाते. जी जात नाही तिला थोड्या अवधीनंतर (आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रणांत सेवांसाठी हा अवधी मूलतः दीड मिनिटाचा असतो) 'सिगकिल'ने निकालात काढले जाते, आणि त्या संकेतावर अपील नाही. स्मृतीत साचलेला, परंतु तबकडीवर अद्याप न उतरलेला मजकूर शेवटी उतरवून घेतला जातो आणि फाइल-व्यवस्था अलग केली जाते. हा क्रम डावलून वीजच तोडली, तर तबकडीवरील नोंदी परस्परविसंगत होण्याचा संभव असतो व पुढच्या आरंभी त्यांची तपासणी करणे भाग पडते.

इतकी दक्षता घेऊनही एक उणीव राहतेच, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे: ही इत्तला माणसावर बजावली जात नाही, पडद्यावर बजावली जाते. रात्रभराचे गणित यंत्राच्या हवाली करून जो संशोधक घरी गेला, त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर कितीही इशारे झळकले तरी त्याचे गणित वाचत नाही. म्हणून जाणता व्यवस्थापक दोन-चार दिवस आधी पत्राने कळवितो, 'हू' या आज्ञेने कोण दाखल आहे ते पाहतो, लांबणीची कामे कोणाची आहेत याची चौकशी करतो आणि मगच वेळ ठरवितो. निरोपातही 'देखभालीसाठी बंद' एवढ्यावर न भागविता यंत्र पुन्हा केव्हा सुरू होईल, हे त्याने लिहावे. कारण ताटकळणाऱ्याला हवे असते ते तेवढेच. 'आत्ताच' हा शब्द लिहूनही ही आज्ञा देता येते खरी, पण आग लागल्यावाचून तो वापरू नये.

बेत बदललाच तर लिनक्समध्ये 'शटडाउन'पुढे 'उणे सी' लिहिताच ठरलेला विराम रद्द होतो. मात्र ज्यांनी घाईघाईने काम आटोपते घेतले असेल, त्यांना तेही त्याच पडद्यावर तत्काळ कळविले पाहिजे.